पाच लाखांचं कवच आहे हो, पण खाट कुठे आहे?

भांडुपकर

मंडळी, आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं, दुर्बिणीतून. आई ठणठणीत आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर हुकूम सोडायला लागली आहे, त्यामुळे आता बिलाबद्दल बोलायला हरकत नाही.

बिल झालं १ लाख ८६ हजार. कंपनीचा गट विमा ३ लाखांचा, त्यात आईचं नाव आहे. पण पॉलिसीत आत कुठेतरी एक ओळ होती: खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्क्यापर्यंत. म्हणजे दिवसाला ३ हजार. जनरल वॉर्ड भरलेला, म्हणून काउंटरवरच्या मुलीने दोघांत एक अशी खोली दिली, ६ हजारवाली. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेचं, पत्र आलं. खोलीभाडं अर्धं मंजूर, आणि त्याच हिशेबाने बाकीचं बिलही अर्धं. सर्जन, भूल, ओटी, औषधं, सोनोग्राफी, सगळ्यांना एकच कात्री.

घरी आल्यावर बिलाची पानं पसरून बसलो. 'ॲडमिशन किट' म्हणजे एक टूथब्रश, साबणाची वडी आणि एक थर्मामीटर. 'डॉक्युमेंटेशन चार्जेस' म्हणजे आमच्याच फायलीच्या आम्हालाच दिलेल्या झेरॉक्स. हातमोज्यांच्या जोड्या इतक्या, की वॉर्डातल्या सगळ्यांना वाटल्या असत्या तरी उरल्या असत्या. आणि सगळ्यात भारी प्रकार म्हणजे सर्जनची फी खोलीवर ठरते. टेबल तेच, दुर्बीण तीच, डॉक्टर तेच. पण पेशंट जनरलमध्ये झोपणार असेल तर एक दर, पंख्याऐवजी एसीखाली झोपणार असेल तर दुसरा. हे मला अजून कुणी नीट समजावून दिलेलं नाही.

आता सरकारकडे वळतो. आमचं रेशनकार्ड पांढरं. १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना सगळ्यांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाख, पांढरं कार्डही चालतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून आधी तिथेच गेलो होतो. घराजवळच्या खासगी रुग्णालयात उत्तर मिळालं, "आम्ही योजनेत नाही." यादीतल्या रुग्णालयात उत्तर मिळालं, "खाट झाली की फोन करतो." आईला दर चार दिवसांनी कळा येत होत्या. फोनची वाट किती बघणार?

माझा प्रश्न सरळ आहे. सरकारचं काम नक्की काय? कार्डं वाटणं, रुग्णालयं चालवणं, की दर ठरवणं? माझं स्वतःचं मत तिसऱ्याकडे झुकतंय. पैसे कुणी भरायचे यावर सगळे तावातावाने बोलतात, आकडा कुणी लिहायचा यावर कुणी बोलत नाही. तुमचे अनुभव आणि मतं लिहा. पक्षीय राजकारण नको, त्यासाठी बाकीचं आंतरजाल मोकळं आहे.

नेहा_ठाकुर्ली

आईंना नमस्कार सांगा. धाग्याच्या मोठ्या प्रश्नावर नंतर लिहीन, आधी तुमच्या पैशांचं बघू.

टीपीएने औषधांवर आणि सोनोग्राफीवर कात्री लावली असेल तर ती चूक आहे. खोलीभाड्याच्या प्रमाणात कपात करायची तर ती खोलीशी जोडलेल्या खर्चावर, म्हणजे डॉक्टरांची फी, नर्सिंग, ओटी वगैरे. औषधं, कन्झ्युमेबल्स (हातमोज्यांसारखं वापरून टाकायचं सामान), इम्प्लांट आणि तपासण्या यांना ती लावायची नाही, असं विमा नियामकाने २०२० सालीच स्पष्ट केलं आहे. शिवाय ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे ही कपात करताच येत नाही.

विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला ईमेल टाका, कलमावर बोट ठेवून. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील लागत नाही.

भांडुपकर

नेहाताई, दंडवत. उद्याच ईमेल टाकतो.

बाजारपेठ_झिंदाबाद

सरकारने यात पडूच नये असं मानणारा मी इथला बहुधा एकटाच, तेव्हा दगड तयार ठेवा.

तुमची अडचण सरकार नव्हे, ३ लाखांची जुनाट पॉलिसी ही आहे. खोलीभाड्याला मर्यादा नसलेल्या पॉलिसी बाजारात मिळतात. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा चार वर्षांवरून तीनवर आली. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत, असा नियम २०२४ मध्ये आला. नियम करा, पंच व्हा, बाजूला उभे राहा. सरकार स्वतः मैदानात उतरलं की काय होतं ते बोरिवलीच्या भगवती रुग्णालयाकडे बघून कळतं. पाडून परत बांधायला किती वर्षं लागली ते मोजा.

सिस्टर_निवृत्त

बाजारपेठराव, दगड नाही मारत, पण ६४ वर्षांच्या मधुमेही बाईला खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी किती हप्त्याला मिळते ते एकदा विचारून या आणि इथे लिहा.

मी महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नोकरी केली, बहुतेक काळ पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात. आमच्याकडे ४० खाटा आणि पेशंट सत्तरच्या आसपास. उरलेले तीस कुठे? दोन खाटांच्या मधल्या जागेत गादी टाकून. त्याला आम्ही फ्लोअर बेड म्हणायचो आणि रजिस्टरमध्ये तसंच लिहायचो, म्हणजे तो अपवाद राहिलेला नव्हता, व्यवस्थाच झाली होती. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि एक मावशी. सलाईन लावायला गुडघ्यावर बसायचं, उठायचं, पुढच्याला परत बसायचं. माझे गुडघे तिथेच गेले.

लोक म्हणतात पालिकेत फुकट होतं. केसपेपर माझ्या काळी १० रुपयांचा होता, खरं आहे. खर्च व्हायचा तो चिठ्ठीवर. अँटिबायोटिक स्टोअरमध्ये संपलंय, बाहेरून आणा. हर्नियाच्या ऑपरेशनची जाळी संपली, बाहेरून आणा. हर्नियाचा पेशंट रोजंदारीवरचा, त्याची बायको ती चिठ्ठी घेऊन गेटसमोरच्या केमिस्टकडे जायची, अर्ध्या तासाने परत यायची, आणि मला विचारायची, "सिस्टर, यातलं कुठलं आधी लागेल?" म्हणजे तेवढंच आणायला. मी रोज डॉक्टरांशी भांडायचे, डॉक्टर डीनकडे, डीन खरेदी खात्याकडे. निविदा अडली की वॉर्ड अडला. आता 'झीरो प्रिस्क्रिप्शन' म्हणजे बाहेरची चिठ्ठी द्यायचीच नाही असं धोरण जाहीर झालंय. माझ्या मागून नोकरीला लागलेल्या मुली सांगतात की चिठ्ठ्या कमी झाल्यात, संपलेल्या नाहीत.

पण एक गोष्ट भांडुपकरांनी लक्षात घ्यावी. ही फुले योजना नुसती खासगी रुग्णालयांसाठी नाही. पालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांनाही तिचे पैसे मिळतात. पूर्वी पांढऱ्या कार्डवाल्याला आमच्याकडेसुद्धा स्टेंटचे पैसे भरावे लागायचे, कारण तो योजनेत बसत नसे. पिवळ्या-केशरीवाल्याला आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलावर कागद दिले की झालं. आता पांढऱ्यालाही तेच टेबल. कार्डं वाटणं अगदीच वाया गेलेलं नाही.

परळची_परी

सिस्टर, "यातलं कुठलं आधी लागेल" वाचून गप्प झाले. +१.

चहा_कटिंग

वाचतोय. बाजारपेठराव उत्तर कधी देतायत बघतोय.

डॉक्टर_गल्लीतला

चेंबूरकडे माझं २० खाटांचं नर्सिंग होम आहे. दोन वर्षं योजनेत होतो, मग बाहेर पडलो. का पडलो ते सांगतो, शिव्या नंतर द्या.

पॅकेज म्हणजे एकच आकडा. त्यात खाट, सर्जन, भूल, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण, आणि घरी परत जायचं भाडंसुद्धा. तत्त्व उत्तम आहे, हातमोज्यांच्या जोड्या मोजायचा प्रश्नच मिटतो. पण त्या आकड्यात मुंबईतल्या जागेचं भाडं, वीज, आरएमओंचे (निवासी डॉक्टरांचे) पगार हे बसत नाही. बरं, पैसे तरी वेळेवर यावेत? आधी पूर्वपरवानगी, मग फोटो, मग क्लेम, मग त्यावर शंका, मग शंकेचं उत्तर, मग तांत्रिक छाननी. मोठ्या रुग्णालयाला सहा महिने थांबता येतं. मला दर महिन्याच्या सात तारखेला पगार करावे लागतात.

परिणाम असा, की छोटी रुग्णालयं सोडून जातात, मोठी कॉर्पोरेट मुळात येतच नाहीत, आणि यादीत जी मोजकी राहतात त्यांच्या दारात सगळी मुंबई. मग "खाट झाली की फोन करतो." तिथल्या माणसाने खोटं सांगितलं नसेल हो, खाट खरंच नसेल.

खोलीप्रमाणे सर्जनची फी बदलते त्याचं कारण विचारलंत. एसी खोलीवाल्याकडून जास्त घेऊन जनरलवाल्याला कमी लावायचं, अशी ती जुनी पद्धत आहे. निदान सुरुवात त्या हेतूने झाली होती. आता जनरलच्या खाटाच कमी करत आणल्यात, तेव्हा हेतूही गेला.

बाजारपेठ_झिंदाबाद

सिस्टर, विचारून आलो. मधुमेह आणि बीपी दोन्ही धरून जो हप्ता सांगितला तो इथे लिहीत नाही, माझाच युक्तिवाद मार खाईल. पण मुद्दा सोडत नाही. डॉक्टरसाहेब जे सांगतायत ते हेच ना? सरकारने दर खाली दाबला की पुरवठा आटतो.

गिरगावचा_नातू

दर दाबता येतो की नाही हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मे २०२० आठवा. खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर राज्य सरकारने ठरवले. वॉर्ड दिवसाला ४ हजार, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले. आरटीपीसीआर चाचणी ४,५०० वरून सुरू झाली ती मार्च २०२१ पर्यंत ५०० रुपयांवर आली. कुठली प्रयोगशाळा बंद पडली? उलट गल्लोगल्ली उघडल्या.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर इथे कुणीतरी काढणारच. त्या दरांत पीपीई किट धरलेलं नव्हतं. मग बिलात पीपीईचे असे आकडे आले की डॉक्टर तासाला कपडे बदलत होते की काय असं वाटावं. एक भोक ठेवलं की सगळं पाणी तिथूनच. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं की ज्या कायद्यांखाली हे दर बांधले त्यांच्याखाली कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवायचा अधिकार सरकारला नाही. म्हणजे साथ होती म्हणून जमलं, साथ गेली आणि अधिकारही गेला.

मग कायम अधिकार कुठून आणायचा? केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आहे, त्याच्या नियमांत दरांची तरतूद आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे चालतो १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. त्याच्या २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलंय. दर किती असावा यावर चकार शब्द नाही. म्हणजे लुटा, पण पाटी लावून लुटा.

भांडुपकर

नातूसाहेब, हेच म्हणायचं होतं मला, तुम्ही कायद्यासकट सांगितलंत. त्या दरपत्रकाबद्दल: आमच्या रुग्णालयात ते होतं. लिफ्टच्या मागच्या भिंतीवर, व्हीलचेअरी उभ्या करतात तिथे. मी मोबाइलवर फोटो काढला तर सिक्युरिटीवाला म्हणाला, "साहेब, फोटो अलाउड नाही."

परळची_परी

दर्शनी भाग!! 😄

नेहा_ठाकुर्ली

नातू, स्टेंट विसरलात. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध दर प्राधिकरणाने औषधी (औषधाचा लेप असलेल्या) स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी तोच स्टेंट लाखाच्या वर लावत. सासऱ्यांना आधी बसवला आणि नंतर सासूबाईंना, त्यामुळे दोन्ही दर घरातच बघितलेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याचं इम्प्लांट आलं, साधं कोबाल्ट-क्रोमियमचं ५४,७२० रुपये अधिक कर. स्टेंट गायब होणार, कंपन्या पळणार अशी ओरड तेव्हाही होती.

पण एकूण पॅकेज तितकं उतरलं का? नाही उतरलं. स्टेंटचा पैसा कमी झाला, तो प्रोसीजर, कॅथलॅब (स्टेंट बसवतात ती खोली) आणि कन्झ्युमेबल्समध्ये जाऊन बसला. २०१८ मध्ये याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला. एकेका वस्तूचा दर बांधण्यात अर्थ नाही, बांधायचा तर पूर्ण उपचाराचा. त्याबाबतीत योजनेची पॅकेजपद्धत बरोबर आहे. तिचा आकडा चूक आहे आणि पैसे द्यायची रीत चूक आहे, एवढंच.

डॉक्टर_गल्लीतला

नेहाताईंच्या शेवटच्या दोन वाक्यांखाली सही करायला तयार आहे. आकडा दर दोन वर्षांनी खर्च बघून बदला, पैसे ३० दिवसांत द्या, उशीर झाला तर व्याज द्या. मी उद्या परत योजनेत येतो. माझ्या ओळखीतले अजून पाच-सहा येतील.

टेम्सकाठी

इंग्लंडातून लिहितोय, त्यामुळे "झालं, आले परदेशातले" म्हणायला मोकळीक आहे. इथे एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. माझ्या बायकोचं पित्ताशय इथेच काढलं, एक पैसाही द्यावा लागला नाही, औषधाच्या चिठ्ठीला साधारण दहा पौंड. आणि थांबावं लागलं ते भांडुपकरांच्या आईपेक्षा कितीतरी जास्त. ठरलेली मुदत १८ आठवड्यांची आहे, ती पाळली जात नाही म्हणून इथली वर्तमानपत्रं रोज ओरडतात. बिल नसतं, रांग असते. कुठलं दुखणं हवं ते ठरवा.

चहा_कटिंग

आम्हाला रांगही आहे आणि बिलही आहे. पुढे बोला.

अंबरनाथ_फास्ट

ईएसआयसीबद्दल, म्हणजे कामगार विम्याबद्दल, कुणीच बोलत नाही म्हणून मी लिहितो. अंधेरी एमआयडीसीत कंपनी आहे. पगारातून पाऊण टक्का माझा, सव्वातीन टक्के कंपनीचा. त्यात बायको, पोरं, आईबाप सगळे. वडिलांचं डायलिसिस त्यावरच चाललं होतं. मर्यादा २१ हजार पगाराची. कंपनीने पगारवाढ दिली, साडेएकवीस हजार झाले. पेढे वाटले. मग एचआरने सांगितलं की सहामाही संपली की तुमचं कार्ड बंद. ५०० रुपये वाढले आणि महिन्याचं डायलिसिस अंगावर आलं. मी साहेबाला म्हटलं पगारवाढ परत घ्या. तो म्हणाला सिस्टममध्ये तसा पर्याय नाही.

आता फुले योजनेतून डायलिसिस होतंय, ते कार्ड मिळालं म्हणून निभावलं. त्यामुळे कार्डाला नावं ठेवू नका. पण माणूस एका योजनेतून पडून दुसरीत चढेपर्यंत मधे जे दिवस जातात त्यांचं काय? २१ हजारांची मर्यादा २०१७ पासून आहे तीच आहे. मुंबईत २१ हजारांत काय येतं?

सिस्टर_निवृत्त

अंबरनाथ, वडिलांना डायलिसिसच्या दिवशी जेवण कधी देता? सुरू असताना नका देऊ, काहींचा बीपी उतरतो. तिथल्या टेक्निशियनला विचारून घ्या.

अंबरनाथ_फास्ट

हो सिस्टर, विचारतो. धन्यवाद.

मुंबई_मुंबईकरांची

खाट कुठे आहे विचारताय? बाहेरून आलेल्यांनी अडवली आहे. कर आपण भरायचा आणि वॉर्डात जाऊन बघा कोण झोपलंय. मुंबईबाहेरच्यांना दुप्पट दर लावा, खाटा आपोआप रिकाम्या होतील.

पारिजात_वरळी

मी रुग्णालयात समाजसेवा अधिकारी आहे, रोज कागद बघते म्हणून सांगते. "बाहेरचे" म्हणता त्यात सर्वात आधी दिसतात ते पालघर, रायगड, ठाण्याचे. जव्हार-मोखाड्याच्या बाईला सिझेरियनमध्ये रक्तस्राव झाला तर तिने कुठे जायचं? तिच्या जिल्ह्यात तिला खाट द्या, ती हौसेने दोन गाड्या बदलून येत नाही. टाटा मेमोरियल तर केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचं आहे, देशभराचा कर त्यात आहे. परळच्या पदपथावर ताडपत्री बांधून राहणारी माणसं खाट अडवायला आलेली नाहीत, त्यांना खाट मिळालेली नाही.

(अवांतर: केईएमला जोडलेल्या मेडिकल कॉलेजसाठी ज्यांनी देणगी दिली त्यांनी शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत अशी अट घातली होती. कॉलेज १९२६ चं. रुग्ण कुठला असावा अशी अट घातल्याचं मला माहीत नाही.)

आता मूळ विषय. धर्मादाय रुग्णालयांबद्दल इथे एक अक्षर आलं नाही याचं आश्चर्य वाटलं. जसलोक, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल ही विश्वस्त संस्थांची रुग्णालयं आहेत. त्यांना करात सूट मिळते, त्या बदल्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली जबाबदारी आहे आणि २००६ साली उच्च न्यायालयाने त्याची योजना आखून दिली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. शिवाय प्रत्येक बिलाचे २ टक्के निर्धन रुग्ण निधीत. उत्पन्नाची मर्यादा निर्धनसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करायचं.

इथे सरकारला नवा कायदा करायचा नाही, रुपया घालायचा नाही. आहे ते पाळून घ्यायचं आहे, आणि नेमकं तेच होत नाही. नातेवाईक काउंटरवर जातो, "धर्मादाय खाटा भरल्यात" ऐकतो आणि परत फिरतो. फिरू नका. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर कुठल्या रुग्णालयात किती खाटा शिल्लक आहेत ते दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन जा. काउंटरवर वाद घालू नका, थेट समाजसेवा विभाग विचारा, आमच्यासारखं कुणीतरी तिथे बसलेलं असतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजारी पडायच्या आधी काढून ठेवा. माणूस आयसीयूत असताना सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहिलेले मुलगे मी रोज बघते. तरी नकार मिळाला तर लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्म्या वेळा खाट सापडते. तक्रारीसाठी वरळीला सस्मिराच्या इमारतीत धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे.

परळची_परी

हा प्रतिसाद पिन करता येईल का? संपादक मंडळ?

मुंबई_मुंबईकरांची

बरं, जव्हारच्या बाईबद्दल मी बोललो नव्हतो. पण महापालिकेनेच सगळ्यांचा भार का उचलायचा? राज्याने पैसे द्यावेत.

पारिजात_वरळी

हे मात्र मान्य. तो प्रश्न योग्य दारावर टाकलात.

गिरगावचा_नातू

पैशांचा विषय निघालाच आहे तर. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं म्हटलं होतं. २०२१-२२ चा हिशेब १.८४ टक्के, आणि त्यात कोविडचा खर्च धरलेला. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला, ही सुधारणा मोठी आहे, ती मान्य करायला हवी. पण त्या हिशेबातही १०० रुपयांतले ३९ घरातूनच जातात आणि त्यातले बरेच ओपीडीत, औषधांत, तपासण्यांत. फुले योजना काय किंवा केंद्राची आयुष्मान काय, दोन्ही दाखल झालेल्यांसाठी. महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना त्यात जागा नाही.

त्यासाठी मुंबईत 'आपला दवाखाना' आहे, नोव्हेंबर २०२२ पासून. डॉक्टर, औषधं आणि १४७ प्रकारच्या रक्तचाचण्या मोफत, रात्री १० पर्यंत. आमच्या वाडीतल्या मोलकरणी सुट्टी न घेता संध्याकाळी जातात. जिथे डॉक्टर टिकतो तिथे छान चालतो, जिथे दर तीन महिन्यांनी कंत्राटी डॉक्टर बदलतो तिथे लोक एकदा जातात आणि परत कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे. माझ्या मते सरकारने पहिला रुपया इथे घालावा, ५ लाखांच्या कार्डावर नंतर. इथे साखर आटोक्यात राहिली तर तिथे डायलिसिस लागणार नाही.

बाजारपेठ_झिंदाबाद

हे मला पटतं. दवाखाने चालवा, धर्मादायवाल्यांकडून वसूल करा, पैसे वेळेवर द्या. दर बांधायला माझा विरोध कायम.

भांडुपकर

बाजारपेठराव, बिल तुमच्या घरी पाठवतो, चौथं पान वाचा, मग बोलू.

अपडेट: विमा कंपनीचं उत्तर आलं. औषधं आणि तपासण्यांवरची कपात "पुनर्विचाराधीन" आहे. नेहाताई, ईमेलमध्ये लोकपालाचं नाव घातलं होतं, त्याचा परिणाम असावा.

नेहा_ठाकुर्ली

पुनर्विचाराधीन म्हणजे देणार आहेत. १५ दिवसांनी आठवण करा. आणि जनरल वॉर्डात खाट नव्हती हे रुग्णालयाकडून लेटरहेडवर लिहून घ्या, उरलेल्या कपातीसाठी ते उपयोगी पडेल.

टेम्सकाठी

जरा वेगळा प्रश्न. दादरला आई-बाबा एकटे असतात. बाबा ७३, पेन्शनर, पांढरं कार्ड. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ५ लाखांचं वेगळं कार्ड निघालंय म्हणतात, ते खरं का? त्यांची खासगी पॉलिसी आहे, ती बंद करावी लागेल का?

पारिजात_वरळी

खरं आहे. आयुष्मान वय वंदना, ऑक्टोबर २०२४ पासून. उत्पन्नाची अट नाही. खासगी पॉलिसी असली तरी चालतं, ती मुळीच बंद करू नका. ते केंद्र सरकारचे निवृत्त असतील आणि सीजीएचएस ही केंद्राची आरोग्यसेवा घेत असतील तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागेल. वय आधारवरून धरतात, तेव्हा आधी आधारवरची जन्मतारीख बघा. जुन्या लोकांची बहुतेक १ जूनच असते, शाळेत मास्तरांनी घातलेली. बाबा ७३ आहेत म्हणजे अडचण नाही. आईंचं वय किती?

टेम्सकाठी

आई खरी ७१, आधारवर ६८.

पारिजात_वरळी

मग बाबांचं काढून घ्या आणि आईंची जन्मतारीख दुरुस्त करायला जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला घ्या. तोपर्यंत त्यांना फुले योजना आहेच, पांढऱ्या कार्डावर. मुंबईत त्यांच्याजवळ कुणी आहे का कागद घेऊन जायला?

परळची_परी

दादर म्हणजे माझ्यापासून दहा मिनिटं. टेम्सकाठी, व्यक्तिगत निरोप पाठवते. शनिवारी दुपारनंतर मोकळी असते, बाबांना आधारशी जोडलेला मोबाइल सोबत ठेवायला सांगा, ओटीपी त्यावरच येतो.